घरात अडकलेल्या मनाची निगा

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. २१ दिवस घराबाहेर पडू नका, असा आदेश निघाला आणि मुदत वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने राज्यात पुन्हा कडक निर्बंध आणले. हात धुणे, मुखपट्टी, लस या गोष्टी आपण शिकलो. परंतु घरात कोंडलेल्या मनाचे काय करावे, हे कोणी नीट सांगितले नाही. 'घाबरू नका, मन घट्ट ठेवा' एवढाच सल्ला मिळाला. तापलेल्या माणसाला 'ताप येऊ देऊ नकोस' म्हणावे, तसाच हा प्रकार.

आता हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरे. पण टाळेबंदी उठली ती हिंडत्या-फिरत्या माणसांची. खुब्याचे हाड मोडून खाटेवर पडलेली आजी, अर्धांगवायू झालेले आजोबा, गुडघ्यांमुळे उंबरा न ओलांडणारी काकू यांची टाळेबंदी आजही चालूच आहे. त्या दिवसांत जे कळले ते यांच्या उपयोगी पडले नाही, तर आपण काहीच शिकलो नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय कळले? टाळेबंदीत शेतीकामाला मुभा होती. आपल्याकडे तेव्हा हळद काढण्याचे आणि शिजवण्याचे दिवस होते. जो शेतकरी पहाटे उठून आखाड्यावर जात होता, त्याला भावाची आणि वाहतुकीची काळजी होती. पण त्याची झोप, भूक फारशी बिघडली नाही. बिघडली ती दुकान बंद करून ओट्यावर बसलेल्या व्यापाऱ्याची, निवृत्त गुरुजींची, पुण्या-मुंबईहून परतून गावच्या शाळेत १४ दिवस विलगीकरणात राहिलेल्या तरुणाची. तक्रारी जवळपास सारख्याच. रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही, उगाच चिडचिड होते. रोगाची व पैशाची भीती होतीच. त्यात दिवसाची घडी विस्कटल्याची भर पडली होती.

याला शरीरशास्त्राचा आधार आहे. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते रोजच्या रोज लावले जाते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि झोपेची तयारी होते. उशिरा उठणे, दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणे, दुपारी दोन-तीन तास झोपणे, रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणे, यांनी हे घड्याळ चुकते. झोप बिघडली की मन बिघडते आणि मन बिघडले की झोप आणखी लांबते.

म्हणूनच केवळ करमणुकीने मन टवटवीत राहत नाही. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' मालिका सकाळी नऊ व रात्री नऊ वाजता पुन्हा दाखवली. घरोघरी तिचा आधार वाटला. त्यात भक्तीचा भाग होताच. पण वेळ ठरलेली होती आणि सारे घर एकत्र बसत होते, हेही तितकेच महत्त्वाचे. त्या वर्षी आषाढीला माउलींच्या व तुकोबांच्या पादुका एस.टी. बसने मोजक्या लोकांसह पंढरपूरला गेल्या. वारकरी घरीच राहिले. नर्सी नामदेवच्या या पंचक्रोशीत ज्यांनी सायंकाळचा हरिपाठ ठरल्या वेळी चालू ठेवला, त्यांना ती पोकळी सोसणे थोडे सोपे गेले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरातल्या बाईला तेव्हा कंटाळायलाही वेळ नव्हता. सारे घरी, त्यामुळे चहा चार वेळा, भांडी दुप्पट. कोविडच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता व नैराश्याचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले आणि त्याची झळ स्त्रियांना व तरुणांना अधिक बसली, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. एकाला काम नाही म्हणून त्रास आणि दुसरीला काम उरकत नाही म्हणून त्रास, अशा घरात औषधाआधी कामाची वाटणी हवी.

आज घरात अडकलेल्यांसाठी म्हणूनच चार गोष्टी सुचवतो. पहिली, खाट आतल्या खोलीतून ओसरीवर किंवा खिडकीपाशी आणावी. सकाळचा उजेड व येणारा-जाणारा माणूस दिसला पाहिजे. दुसरी, उठणे, अंघोळ, जेवण, झोप यांच्या वेळा ठराव्यात. दुपारची झोप अर्ध्या तासापुरती असावी, संध्याकाळनंतर चहा नको. बसल्या जागी हातपाय हलवण्याचे व्यायाम डॉक्टरांना विचारून रोज करावेत. तिसरी, त्यांना काम द्यावे. शेंगा फोडणे, भाजी निवडणे, वाती वळणे, नातवाचे पाढे म्हणून घेणे, जे जमेल ते. 'आता तुम्ही फक्त आराम करा' हे आपण प्रेमाने म्हणतो. ऐकणाऱ्याला मात्र 'आता तुमची गरज नाही' असे ऐकू येते. चौथी, रोज एक तरी माणूस दहा मिनिटे त्यांच्याशी बोलायला बसला पाहिजे. मुलगा पुण्याला असेल तर त्याने फोनची वेळ ठरवावी आणि पाळावी. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने 'सामाजिक अंतर' ऐवजी 'शारीरिक अंतर' म्हणा, असे सुचवले होते. अंतर शरीराचे असावे, माणुसकीचे नसावे.

इतके करूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदासपणा राहिला, अन्न गोड लागेनासे झाले, 'जगून काय करू' अशी भाषा येऊ लागली, तर ते नाटक समजू नये. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखत असेल तर 'मनाचेच असेल' म्हणून घरी थांबू नये. झोपेच्या गोळ्या परस्पर आणून घेऊ नयेत. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येते.

गोळी मी लिहून देऊ शकतो. संध्याकाळी शेजारी येऊन बसणारा माणूस मात्र चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. आपल्या गल्लीत महिनाभरात घराबाहेर न पडलेले कोण आहे, हे आज आठवून पाहा आणि त्यांच्याकडे जाऊन या.