आगोटीचे एक विसरलेले काम

मृगाचे वेध लागले की कोकणात घरोघर आगोटीची लगबग सुरू होते. कौले शाकारली जातात, लाकूडफाटा आत येतो, छत्र्या दुरुस्त होतात. परंतु अंगणात उभ्या असलेल्या मोटारीच्या चाकांकडे वाकून पाहण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांतच कोसळतो. तेथे ही हेळसांड परवडणारी नाही.

मोटार रस्त्याला टेकते ती जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. टायरवरील नक्षी शोभेसाठी नसून चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्यासाठी असते. ती झिजली की वेगात चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. मग ब्रेक दाबा की स्टिअरिंग वळवा, मोटार ऐकत नाही. आंबा घाटाच्या किंवा परशुराम घाटाच्या ओल्या उतारावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी मोटारीच्या टायरच्या नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर ठरविली आहे. नव्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. पण कायद्याची मर्यादा ही दंडाची मर्यादा आहे, शहाणपणाची नव्हे. ओल्या रस्त्यावरील पकड १.६ च्या बऱ्याच आधी घसरते. म्हणून पावसाळी प्रदेशासाठी जाणकार तीन मिलिमीटरांवरच टायर बदलण्याचा सल्ला देतात. हे मोजण्यास यंत्र लागत नाही. आगपेटीची काडी खोबणीत उभी धरावी, नखाने खूण करावी आणि मुलाच्या कंपासपेटीतील पट्टीवर मोजावी.

यावर आक्षेप येईल की शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारात चार टायर एकदम बसत नाहीत. आक्षेप खरा आहे. म्हणूनच निवड डोळसपणे करावी. जोडीने टायर घेता येतात. मात्र नवी जोडी पुढे नव्हे, मागच्या चाकांना लावावी, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली तर सामान्य चालकाला मोटार सावरता येत नाही. टायर घेताना आकार, भारक्षमता आणि वेगमर्यादा कंपनीने सांगितल्याप्रमाणेच असावी, आयएसआय चिन्ह पाहावे आणि बाजूवर कोरलेले चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी तो स्वस्त नव्हे.

खरी बचत निगेत आहे. हवा महिन्यातून एकदा, चाके थंड असताना तपासावी. आकडा टायरच्या बाजूवरचा नव्हे, चालकाच्या दाराजवळील पट्टीवरचा धरावा. टायरच्या बाजूवर लिहिलेली असते ती कमाल मर्यादा. हवा कमी असली की नक्षी दोन्ही कडांना झिजते, जास्त असली की मध्यभागी. एकाच कडेला झिजली तर चाकांची जुळणी बिघडली आहे असे समजावे. साधारण आठ-दहा हजार किलोमीटरांनी चाकांची अदलाबदल करावी. स्टेपनीची हवाही तपासावी. ती कमी असल्याचे नेमके भर पावसात कळते. पेट्रोलपंपावर हवा मोफत मिळावयास हवी; तेथील यंत्र बंद असेल तर मुकाट्याने परत न फिरता तक्रार नोंदवावी.

अपघात झाला की आपण रस्त्याला, खड्ड्यांना आणि सरकारला दोष देतो. तो दोष अनेकदा रास्तही असतो. परंतु रस्ता नागरिकाच्या हाती नाही, चाक आहे. छप्पर गळू नये म्हणून आपण दरवर्षी जेवढी काळजी वाहतो, तिचा थोडासा अंश या चार चाकांच्या वाट्याला यावा, एवढीच अपेक्षा.