गटचर्चा: फोटोतली आणि वर्गातली

मंडळी, आजचा लेख जरा भांडणाच्या सुरात आहे, तेव्हा चहा घेऊनच वाचायला बसा.

भांडण दोघांशी आहे. एक आमचेच नातेवाईक. कुठल्याही लग्नाच्या पंगतीत मी शेजारी बसले की यांना शाळा आठवते. "हल्ली शिकवतच नाहीत हो बाई, पोरांना गट करून बसवतात आणि म्हणतात चर्चा करा. सातवीच्या पोराला काय येतंय चर्चा करायला?" दुसरे म्हणजे शिक्षण खात्यातले आणि शाळांतले ते उत्साही लोक, ज्यांनी गटचर्चा "राबवली". पहिल्यांचा राग येतो, पण खरं नुकसान दुसऱ्यांनी केलं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे आधी त्यांच्याकडे वळते.

शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय आला. तोपर्यंत मी निवृत्त झाले होते, पण भाच्या-पुतण्यांतले तिघे शिक्षक, त्यामुळे घरात त्याची पारायणं ऐकली. कल्पना चांगली होती. मुलाला एका परीक्षेवरून जोखू नका, वर्षभर त्याच्याकडे बघत राहा, असं तिचं सार. आकारिक मूल्यमापनातल्या तोंडी कामात गटचर्चाही आली. आणि आपल्याकडे जे होतं तेच झालं. गोष्ट कागदावर आली की ती कागदासाठीच होऊ लागते! प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची. त्या नोंदी तयार मिळू लागल्या, आधी छापील पुस्तिकांत आणि मग मोबाईलवर. "गटचर्चेत उत्स्फूर्तपणे सहभाग घेतो." सहभाग घेतो, सहभाग घेते, एवढा फरक केला की झालं. चाळीस मुलांच्या चाळीस नोंदी तासाभरात तयार. ज्या पोराने वर्षभर तोंड उघडलेलं नाही, तोही उत्स्फूर्त!

एका शाळेत (नाव सांगत नाही) पाहुणी म्हणून गेले होते. पाहुणे येणार म्हणून सातवीत गटचर्चा ठेवलेली. विषय: "झाडांचे महत्त्व". सहा-सहाचे गोल. प्रत्येक गोलात एक चुणचुणीत मुलगी किंवा मुलगा बोलतोय, दोघे माना डोलावतायत, तिघे फरशीवर बोटाने रेघा ओढतायत. दहा मिनिटांनी गटप्रमुख उठले आणि सहाही गटांनी तेच सांगितलं. झाडे ऑक्सिजन देतात, झाडे सावली देतात, झाडे लावा झाडे जगवा. मग फोटो. मग टाळ्या.

आता मला सांगा, यात चर्चा कशाची झाली? झाडं वाईट असतात असं म्हणणारा वर्गात कोणी होता का? सगळ्यांना जे आधीच माहीत आहे आणि सगळ्यांना जे मान्यच आहे, त्यावर चर्चा होऊच शकत नाही. होतं ते समूहगान. पंगतीतल्या नातेवाइकांनी हे बघितलं असेल तर त्यांच्या तक्रारीला मी तरी काय उत्तर देणार?

म्हणून खरी कशी असते ते सांगते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचा तालुका दुष्काळी, आठवीचा वर्ग ५४ जणांचा, बाकं लांबलचक आणि अवजड. गोल-बिल करायला जागाच नाही. मी एक बाक सोडून एक बाकावरच्या मुलांना मागे तोंड करून बसवायची, की झाला सहांचा गट. त्या दिवशी फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: "विहिरीला पाणी असलेल्या गावात दुष्काळ असू शकतो का?" आणि पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, कच्च्या वहीत आपापलं लिहायचं.

ही पाच मिनिटं फार महत्त्वाची, बरं का. ती दिली नाहीत तर पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे त्याच्या मागून जातात. एकदा स्वतःच्या अक्षरात काहीतरी लिहिलं की भित्र्या मुलालाही मांडायला भांडवल असतं.

मग बोलणं सुरू झालं. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाने पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली आणि पाणी असेल तर दुष्काळ कसला, असं ठरवून टाकलं. त्याच गटात एक मुलगी होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात, ती आजीजवळ राही. ती वर्षभर वर्गात बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली, पाणी पाटलाच्या विहिरीला आहे, आमच्या रानाला नाही, मग आमच्याकडे दुष्काळ आहे का नाही ते तूच सांग. त्या मुलाला उत्तर सुचेना. दुसऱ्या गटात एकाच्या आईने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले ते त्याने घरी ऐकलेलं. त्याचं म्हणणं, दुकानात धान्य होतं की, हातात पैसा नव्हता. द्राक्षबागवाल्याच्या मुलाने टँकरचा हिशेब मांडला. वर्गात कालवा झाला, शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन डोळे वटारून गेले. (ते सर आता नाहीत. माणूस चांगला होता, पण शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग अशी त्यांची ठाम समजूत.)

शेवटची पंधरा मिनिटं मी शिकवलं, आणि हे नीट वाचा, मी शिकवलं. पाऊस न पडणं वेगळं, पीक बुडणं वेगळं आणि हाताला काम नसणं वेगळं. त्या बहात्तरच्या अनुभवातून रोजगार हमी योजना कशी वाढली, तिचा कायदा १९७७ साली महाराष्ट्राने कसा केला, हे त्या दिवशी त्यांच्या डोक्यात शिरलं, कारण जागा आधी तयार झाली होती. नांगरट झाल्याशिवाय पेरून उपयोग नसतो, आणि नुसती नांगरट करून ठेवली तर गवतच येतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं की १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिन शहरात एलियट अ‍ॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने असंच काही केलं होतं. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलेलं, आणि रोज भांडणं. त्याने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या एकेकाला एकेकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायला हवा तर ज्याला तुच्छ समजतोस त्याचंही ऐकावं लागेल! इतकं लांब कशाला, आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ पासून १६ शाळांत विज्ञानाचा असाच कार्यक्रम सुरू झाला. चार-चार मुलांच्या टोळ्या, स्वतः प्रयोग करायचे, निष्कर्षावर आपसात वाद घालायचे, परीक्षेलाही पुस्तक जवळ ठेवायचं. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोचला, आणि २००२ साली सरकारनेच बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांतली खेड्यातली पोरं हे करत होती. तेव्हा "आपल्या मुलांना चर्चा झेपत नाही" हे मला कोणी सांगू नये.

झेपत नाही ती भाषा. याबद्दल मात्र आमचे सगळे नातेवाईक गप्प बसतात, कारण प्रत्येकाचा नातू इंग्रजी माध्यमात किंवा निदान सेमीत आहे. अपूर्णांकावर वाद घालायला "कारण", "समजा", "पण मग", "तू म्हणतोस ते तेव्हाच खरं, जेव्हा" असे शब्द जिभेवर लागतात. मुलाकडे ते मराठीत असतात, आणि कुणाकडे वडारी, पावरी किंवा गोंडीत असतात. त्याला सांगायचं, चर्चा कर पण इंग्रजीत कर. मग तो "येस मिस" म्हणतो आणि पाठ केलेली दोन वाक्यं बोलतो. आपण कौतुकाने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकतो. निदान गटात तरी मुलांना आपल्या भाषेत भांडू द्या. फळ्यावर काय भाषेत लिहायचं ते नंतर बघू.

आता शिक्षकांच्या बाजूने एक बोलते. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तिसांमागे एक असावा. चांगली गोष्ट आहे. पण दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, त्यातला एक निवडणुकीच्या कामाला आणि दुसरा ऑनलाइन माहिती भरतोय, तिथे चर्चेचा प्रश्न शोधायला वेळ कोणाला? एक चांगला प्रश्न काढायला मला कधी कधी आख्खा रविवार लागायचा. तो रविवार शिक्षकाला परत द्या, मग नोंदी मागा.

आणि पंगतीतल्या मंडळींनो, पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गटचर्चा घेता का, असं विचारू नका, हो म्हणतील आणि फोटो दाखवतील. प्रश्न कोणता दिला होता ते विचारा. मग घरी येऊन नातवाला विचारा, की तुझ्या गटात तुझ्याशी असहमत कोण होतं, आणि त्याचं म्हणणं काय होतं. उत्तर काय मिळालं ते मला फोन करून कळवा. दुपारी दोन ते चार सोडून.