बारा मिनिटांची शुश्रूषा

इस्पितळात चुकीच्या औषधाने रुग्ण दगावला की पहिली कारवाई बहुधा परिचारिकेवर होते. चौकशी बसते, वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात आणि आपले कर्तव्य पार पडले असे खाते मानते. त्या रात्री तिच्या स्वाधीन किती रुग्ण होते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक चौकशीचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

परिचारिकेचे काम म्हणजे डॉक्टरांच्या हुकमाची तामिली, असा एक समज समाजात रूढ आहे. डॉक्टर वॉर्डात फेरीपुरते येतात. संपूर्ण पाळीभर रुग्णांजवळ असते ती परिचारिका. कोणाकडे आधी धावायचे, हे तिला क्षणात ठरवावे लागते. कण्हणाऱ्या रुग्णाकडे सर्वांचेच लक्ष जाते. परंतु कोपऱ्यात गप्प पडलेल्याचा श्वास जलद झाला असेल, तर अधिक धोका त्याला असतो. म्हणूनच आधी श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण हा क्रम तिला शिकविला जातो. श्वासाची गती मोजण्यास यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते. आणि घाईगर्दीच्या वॉर्डात नेमकी हीच नोंद अंदाजाने भरली जाते.

औषधांचेही तसेच. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच निकष प्रत्येक परिचारिकेला मुखोद्गत असतात. परंतु आपल्याकडे इन्शुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० युनिटांच्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमधून, तिच्याच खुणांप्रमाणे दिले गेले, तर मात्रा अडीचपट होते. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. अशी औषधे दुसऱ्या परिचारिकेने स्वतंत्रपणे तपासूनच द्यावीत, असा दंडक आहे. पण रात्री वॉर्डात दुसरी परिचारिकाच नसेल, तर तपासणार कोण?

येथे साधे अंकगणित पुरे आहे. आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात. एकीवर चाळीस रुग्ण सोपविले, तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. सरकारी इस्पितळांच्या रात्रपाळीत हा आकडा अपरिचित नाही. एवढ्या वेळात नाडी, ताप, रक्तदाब, औषधे, सलाइन, नोंदी आणि नातेवाइकांच्या शंका हे सारे उरकायचे! शैक्षणिक रुग्णालयांत तीन खाटांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तीन पाळ्या धरल्या, तर तोही एका वेळी नऊ खाटांवर येतो.

या प्रश्नाचे गांभीर्य जगाने ओळखले आहे. परिचारिकेकडील एकेक रुग्ण वाढताच शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या बाबतीत दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळते, असे अमेरिकेतील २००२ च्या अभ्यासाने दाखविले. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये हे प्रमाण कायद्याने बांधले आणि २००४ पासून ते अमलात आणले. औषधविषयक चुकांचा वार्षिक खर्च ४२ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिला. आपल्याकडे खासगी इस्पितळांतील परिचारिकांच्या वेतनासंबंधी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानुसार समिती नेमली गेली. लहानांतल्या लहान इस्पितळातही दरमहा किमान २० हजार रुपये मिळावेत, असे तिने सुचविले. अंमलबजावणी मात्र राज्यांच्या मर्जीवर राहिली.

पैसा कोठून आणायचा, हा नेहमीचा आक्षेप. परंतु पदे रिक्त ठेवून वाचविलेला पैसा खरोखर वाचत नाही. तो लांबलेल्या मुक्कामाच्या, बुडालेल्या मजुरीच्या आणि काढलेल्या कर्जाच्या रूपाने गरीब कुटुंबाकडून वसूल होतो. सरकारी जमाखर्चात त्याची नोंद होत नाही, इतकेच.

हेतुपुरस्सर हयगयीला शिक्षा व्हावीच. तथापि थकलेल्या हाताची चूक दडपण्यापेक्षा ती निर्भयपणे सांगता आली, तरच पुढची टळेल. रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत, प्रमाणाला कायद्याचे बळ द्यावे आणि प्रत्येक वॉर्डाच्या दारावर त्या पाळीतील रुग्णांची व परिचारिकांची संख्या लिहावी. २०२० साली या देशाने परिचारिकांसाठी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांची किंमत आता अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.