ताम्हिणीत कोण बोलणार?

हिंजवडीचे आयटी पार्क आणि ताम्हिणीचा घाट, दोन्ही मुळशी तालुक्यातच. ‘आता रेडिओ ऐकतो कोण?’ हा प्रश्न बहुधा हिंजवडीच्या बाजूला बसून विचारला जातो. ताम्हिणीत जुलै २०२४ मध्ये एकाच दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला होता. असा पाऊस लागला की आधी वीज जाते, मग मोबाइलच्या टॉवरची बॅटरी उतरते आणि दरड कुठे आली, धरणातून पाणी किती सोडले, हे सांगणारे सगळे ग्रुप एकदम मुके होतात.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ पासून बोलते आहे. त्याच्या मध्यम लहरी जमिनीला धरून डोंगरामागेही पोचतात. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, प्रक्षेपणाचा खर्च तोच आणि गर्दीने ते तुंबत नाही. ‘न्यूज ऑन एअर’ अॅप हा त्याला पर्याय म्हणून दाखवतात. पण त्यालाही रेंज लागतेच की! दूरदर्शनचे अॅनालॉग प्रक्षेपण गेले त्याचे कुणाला फारसे वाटले नाही, कारण छपरांवर डिश आधीच चढल्या होत्या. रेडिओच्या जागी असे काही आलेले नाही.

जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचे ठरले, तेव्हा सकाळी सात-दहाच्या बातम्यांसाठी ओरड झाली आणि निर्णय थांबला. छान झाले. पण त्या ओरडीत आठवणींचा गहिवर जास्त होता, दरडीची काळजी कमी.

मध्यम लहरी पकडणारा संच आता घरात नसतो, ही अडचण खरी. फोनमधला एफएम बंद करू नका, असे केंद्र सरकारने २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितले. पण तो नुसता सल्ला. (एफएमला अँटेना म्हणून इअरफोनची वायर लागते आणि नव्या फोनना तिचे भोकच नसते!) शिवाय एफएमला डोंगर आडवा येतो. तेव्हा फोनमधला एफएम सक्तीचा करावा आणि घाटमाथ्यावर जनरेटरसह एक छोटे पुनःप्रक्षेपण केंद्र उभारावे. रेड अलर्टच्या दिवशी चालू गाणे तोडून मुळशीची बातमी देण्याची मुभा निवेदकाला असावी. आणि धरण टाटांचे मुळशी असो की जलसंपदा खात्याचे टेमघर, विसर्गाचा आकडा दरवाजा उघडण्याआधी आकाशवाणीला कळवण्याचे बंधन घालावे.