तीस खुर्च्यांची सवलत

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात ‘हॉटेल’ या शब्दाला जो अर्थ आहे, तो दिल्लीत बसून कायदे लिहिणाऱ्यांच्या कोशात सापडणार नाही. खानदेशात, किंबहुना साऱ्या ग्रामीण महाराष्ट्रात, डोक्यावर पत्रा, चार बाकडी, पेटलेली भट्टी आणि उकळता चहा एवढ्या भांडवलावर हॉटेल उभे राहते. कायद्याने मात्र हॉटेलाहॉटेलांत भेद केला आहे. ‘सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा, २००३’ याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई केली आणि त्याच कलमाला जोडलेल्या परंतुकाने ३० खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक जणांची बैठक असलेली उपाहारगृहे आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा राखण्याची मोकळीक देऊन टाकली. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असा हा प्रकार आहे.

या सवलतीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, देशभर लागू झालेल्या नियमांप्रमाणे कळसाडीच्या चहावाल्याने आपल्या छपराखाली ६० सेंटीमीटर लांब व ३० सेंटीमीटर रुंद असा धूम्रपानबंदीचा फलक लावायचा, काडेपेटी किंवा रक्षापात्र ग्राहकापुढे ठेवायचे नाही, कोणी बिडी पेटवली तर त्याला रोखायचे आणि तक्रार येऊनही रोखले नाही तर त्याचा दंड स्वतः भरायचा. हे सारे योग्यच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ही, की हाच धूर महानगरातील आलिशान उपाहारगृहात निघाला, की तो ‘ग्राहकसेवा’ ठरतो. बाकड्यावर बसणाऱ्याची बिडी हा अपराध आणि गुबगुबीत कोचावर बसणाऱ्याची सिगारेट ही सुविधा! फुप्फुसे काय खुर्च्या मोजून श्वास घेतात?

न्यायालयाने सांगितले काय, संसदेने केले काय?

हा कायदा आला कशातून, याचे विस्मरण झाले आहे. जुलै १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवले. त्यानंतर मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये, सभागृहे आणि रेल्वेसह सर्व सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानबंदीचा आदेश दिला. देवरा काँग्रेसचे होते. परंतु चांगल्या कामाचे श्रेय देताना पक्ष पाहू नये. त्या निवाड्याचा पाया घटनेच्या २१व्या कलमात, म्हणजे जीविताच्या अधिकारात होता. जो ओढत नाही, त्याने दुसऱ्याच्या धुरापायी आजारी का पडावे, एवढा साधा तो प्रश्न होता.

जीविताचा अधिकार हा पाया मानला, तर त्यावर ३० खोल्यांचा इमला उभा राहूच शकत नाही. ज्याला हॉटेल परवडते तो ग्राहक बाहेर जाऊ शकतो, दुसरे हॉटेल गाठू शकतो. जो तेथे नोकरीला आहे, त्याने कोठे जायचे? आदेश घेणारा, टेबल पुसणारा, रक्षापात्र रिकामे करणारा हा कोण असतो? नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतून पोटासाठी सुरत, नाशिक, मुंबई गाठणारी आपलीच मुले त्यांत असतात. धूम्रपानाच्या दालनात कोणतीही सेवा पुरवू नये, ही स्पष्ट अट नियमांत आली ती २०१७ मध्ये. कायदा झाला त्यानंतर १४ वर्षांनी! आणि आजही ते दालन झाडायला, पुसायला, थोटके उचलायला माणूसच लागतो. त्या माणसाची संमती कोणी विचारली आहे काय?

भिंतीने धूर अडतो काय?

सवलतीचे समर्थक पहिला युक्तिवाद करतात तो तंत्रज्ञानाचा. नियम मोठे कडक आहेत, असे ते सांगतात. चारही बाजूंना छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारे दार, धूर थेट बाहेर टाकणारी यंत्रणा, आणि आतली हवा इतरत्र पसरू नये म्हणून दालनातील दाब बाहेरच्यापेक्षा कमी. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु दार आहे म्हटल्यावर ते उघडणार आणि माणसाबरोबर धूरही बाहेर येणार. वातानुकूलन क्षेत्रातील अभियंत्यांची अमेरिकी संस्था ‘अ‍ॅश्रे’ हिनेच २००५ मध्ये मान्य केले, की वायुवीजनाने परोक्ष धूम्रपानाचा धोका नाहीसा करता येत नाही. त्याचा खात्रीचा उपाय इमारतीत धूम्रपान न होऊ देणे हाच. ज्यांचा धंदाच हवा खेळवण्याचा, त्यांनी हात टेकले. आमचे हॉटेलचालक मात्र पंख्यावर विश्वास ठेवून आहेत! पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नसते, असा निर्वाळा दिला. या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांतील किमान ७० कर्करोगकारक आहेत. स्वतः कधीही न ओढणारी दहा लाखांहून अधिक माणसे जगात दरवर्षी या धुराने प्राणास मुकतात.

भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारास फेब्रुवारी २००४ मध्ये मान्यता दिली. त्या करारातील आठव्या कलमासाठी २००७ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वेही स्वतंत्र दालने व वायुवीजन हा उपाय नाकारतात. म्हणजे जगापुढे आपण एक सही केली आहे आणि घरात दुसरीच वागणूक चालू आहे.

धंदा बुडेल, ही आवई

दुसरा युक्तिवाद व्यवसायाचा. ग्राहक तुटतील, पर्यटक येणार नाहीत, कामगार बेकार होतील, अशी भीती घातली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातील महाराष्ट्राचे आकडे या भीतीपुढे ठेवून पाहावेत. राज्यातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. शंभरातील शहाण्णव माणसे ओढतच नाहीत! या शहाण्णवांच्या श्वासाची किंमत मोजून चौघांची हौस भागवणे, हे कोणत्या व्यापारशास्त्रात बसते? आयर्लंडची मद्यगृहे हा त्या देशाचा जीव की प्राण. तरी त्या देशाने २९ मार्च २००४ पासून मद्यगृहांसह सर्व बंदिस्त कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केले. इंग्लंडने जुलै २००७ मध्ये तोच मार्ग धरला. तेथील मद्यगृहे आजही चालू आहेत.

याच सर्वेक्षणात राज्यातील २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खातात, चघळतात, मिश्री लावतात, असेही आढळले. त्यावर बोट ठेवून काहीजण विचारतात, की खरा रोग चघळण्याचा असताना धुरामागे कशाला लागता? दुखणे दोन असतील तर औषधेही दोन हवीत. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. तिची अंमलबजावणी किती लंगडी आहे हे पानाच्या प्रत्येक टपरीवर दिसते, आणि त्यावर लिहायलाच हवे. परंतु चघळणारा प्रामुख्याने स्वतःचे तोंड जाळतो. ओढणारा शेजाऱ्याची छातीही जाळतो. म्हणूनच येथे व्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला लागू पडत नाही. आपल्या घरात, आपल्या अंगणात कोणी काय करावे हा त्याचा प्रश्न. स्वातंत्र्याची सीमा दुसऱ्याच्या नाकापाशी संपते.

तिसरा युक्तिवाद तर गमतीचा आहे. हुक्का ही म्हणे आपली परंपरा! मुळात तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. विजापुराहून असदबेगाने ती अकबराच्या दरबारात नेली आणि तिचे दुष्परिणाम पाहून जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदीचे फर्मान काढले. जी वस्तू मोगल बादशहालाही नकोशी झाली, तिला ‘भारतीय संस्कृती’ म्हणून महानगरांतील तरुणांना विकणे हा निव्वळ निर्लज्ज व्यापार आहे. या व्यापाराची किंमतही आपण मोजली आहे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिल परिसरात आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. अग्निशमन दलाच्या चौकशीत संशयाची सुई हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे वळली.

महाराष्ट्राने मार्ग दाखवला आहे

त्या आगीनंतर राज्य सरकारने जे केले, ते या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्राने केंद्रीय कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि ४-अ हे कलम घालून खाद्यगृहांसह कोठेही हुक्कागृह चालवण्यास बंदी केली. शिक्षा एक ते तीन वर्षे कारावासाची आणि दंड ५० हजार ते एक लाख रुपयांचा. व्यावसायिकांनी लगेच पळवाट शोधली. आमचा हुक्का वनौषधींचा आहे, असे म्हणत ते न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खाद्यगृहाच्या परवान्यात हुक्का पुरवण्याची परवानगी आपोआप येत नाही, हे स्पष्ट केले. जेथे बायका-मुले आणि वृद्ध जेवायला येतात, तेथे हे चालणार नाही, हा त्यामागचा विचार होता.

मग हाच विचार सिगारेटला का लागू नाही? हुक्क्याच्या धुराने खाद्यगृह अपवित्र होते आणि सिगारेटच्या धुराने होत नाही काय? उत्तर अर्थकारणात आहे. २००८ चे नियम रोखण्यासाठी न्यायालयात कोण गेले होते, ते आठवावे. सिगारेट कंपनी आयटीसी आणि हॉटेलमालकांच्या संघटना हातात हात घालून उभ्या होत्या. आयटीसी १९७५ पासून हॉटेल व्यवसायातही होती, तेव्हा त्या हातमिळवणीचे नवल ते काय! सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ रोजी स्थगिती नाकारली म्हणून नियम लागू तरी झाले. परंतु मूळ कायद्यातील परंतुक शाबूत राहिले.

केंद्राने २०२० मध्ये दुरुस्तीचा मसुदा तयार केला. हॉटेले व उपाहारगृहांची सवलत काढून ती विमानतळांपुरती ठेवण्याची आणि २०० रुपयांचा दंड वाढवण्याची तरतूद त्यात होती. हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि मसुदा तेथेच थांबला. कायद्यात उतरला नाही. याच सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये ई-सिगारेटवर एका वटहुकुमाने बंदी आणली होती. इच्छाशक्ती असली तर काय घडते, हे तेव्हा दिसले. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, ही शिस्त नव्हे. दोनशे रुपयांत ज्या हॉटेलात एक पेला कॉफीही मिळत नाही, तेथे दोनशे रुपयांच्या दंडाचा धाक कोणाला वाटणार?

केंद्र थांबले तरी महाराष्ट्राने थांबण्याचे कारण नाही. हुक्क्यासाठी जो मार्ग वापरला, तोच चौथ्या कलमाच्या परंतुकासाठी वापरता येईल. विधिमंडळाने दुरुस्ती करावी, ३० खोल्या आणि ३० खुर्च्या हे शब्द राज्यापुरते काढून टाकावेत आणि राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावेत. आमदारांना निवेदन देण्यासाठी यापेक्षा नेमकी मागणी कोणती असेल?

पण निवेदने देऊन आपले काम संपत नाही. नंदुरबार जिल्ह्याच्या मातीला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदे परिसरात गुला महाराजांनी आणि त्यांच्या मागे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी भिल्ल समाजाला दारू सोडण्याची हाक दिली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे ती ऐकायला जमली. शाळा नाही, वृत्तपत्र नाही, सरकारी अनुदान नाही. तरी वनवासी बांधवांनी आपल्या जीवनाला वळण लावून घेतले. त्या हाकेत धनिकांसाठी वेगळे दालन नव्हते. नियम एकच होता आणि तो सर्वांना होता, म्हणून त्याला वजन आले.

आज आपल्या गावातील मंगल कार्यालय, पतपेढीचे सभागृह, गणेशोत्सवाचा मंडप, ग्रामपंचायतीचे कार्यालय येथे कोणी सिगारेट पेटवली, तर आपण ‘पाहुणा आहे’ म्हणून गप्प बसतो काय? आधी तेथे उठून बोलावे लागेल. ग्रामसभेत ठराव करावा लागेल. तालुक्याच्या मोठ्या हॉटेलात कुटुंबासह गेलो असता धूर आला, तर व्यवस्थापकाला नम्रपणे पण ठामपणे विचारावे लागेल. उत्तर मिळाले नाही, तर ताट सोडून बाहेर पडावे लागेल. ग्राहक उठून गेला की मालकाला जे कळते, ते कोणत्याही परिपत्रकाने कळत नाही.

कळसाडीच्या चहावाल्याने जो नियम पाळायचा, तोच पंचतारांकित हॉटेलाने पाळला पाहिजे. त्या चहावाल्याचा मुलगा उद्या त्याच हॉटेलात गणवेश घालून उभा राहणार असेल, तर त्याच्या वाट्याला येणारी हवा गावातल्यापेक्षा मलिन असता कामा नये.