लढलेल्यांच्या यादीत कोण?

२०२५ मध्ये दुसरं महायुद्ध संपल्याला ऐंशी वर्षं झाली. पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लढायांच्या आठवणी पुन्हा बाहेर निघाल्या. ग्वाडलकनाल, तारावा, सायपान, इवो जिमा, ओकिनावा. अमेरिकेत काय, जपानात काय, नातवंडं सांगतात, 'माझे आजोबा तिथे लढले.' कुणाकडे पदक असतं, कुणाकडे पत्रांचा जुडगा, कुणाकडे नुसता एक फोटो. मैत्रिणींनो, या आठवणींना नाक मुरडावं असं मला वाटत नाही. गेलेल्या माणसाची आठवण जपण्यात गैर काय? शिवाय ती जपलेली असते बहुतेक वेळा घरातल्या बाईनंच. माझा प्रश्न वेगळा आहे. 'लढलेला नातलग' म्हणायचं कुणाला, हे ठरवतं कोण? घर ठरवतं की सरकार? ओकिनावात या प्रश्नाचं जे उत्तर मिळालं ते आपण बायकांनी नीट समजून घ्यावं असं आहे, म्हणून जरा सविस्तर मांडते.

ओकिनावा म्हणजे एके काळचं स्वतंत्र र्‍युक्यू राज्य. १८७९ मध्ये जपाननं ते आपल्यात सामील करून घेतलं. १९४५ च्या मार्चअखेरीपासून जूनपर्यंत तिथे अमेरिकन आणि जपानी सैन्यांची लढाई झाली. दोन लाखांहून जास्त माणसं मेली. त्यांतली सव्वा लाखाच्या आसपास ओकिनावाची होती, आणि त्यांतही सुमारे ९४,००० साधी माणसं. म्हणजे बेटावरच्या दर चार माणसांमागे एक. बरेचसे धडधाकट पुरुष सैन्यानं ओढून नेलेले. डोंगरातल्या गुहांमध्ये लपल्या होत्या त्या बायका, मुलं, म्हातारी माणसं. जपानी सैन्य माघार घेत दक्षिणेला आलं तेव्हा त्यालाही त्याच गुहा हव्या होत्या. कित्येक ठिकाणी सैनिकांनी कुटुंबांना तोफांच्या माऱ्यात बाहेर काढलं. मूल रडलं तर शत्रूला पत्ता लागेल म्हणून आयांना धमकावलं. रडणारी मुलं मारली गेल्याच्याही साक्षी आहेत.

आता पुढचं ऐका. १९५२ मध्ये जपाननं युद्धात मेलेल्यांच्या कुटुंबांना मदत देणारा कायदा केला. तो होता सैनिकांसाठी आणि सैन्याच्या कामावरच्या लोकांसाठी. साध्या नागरिकाच्या मरणाला त्यात जागाच नव्हती. पण ओकिनावात तर गावंच्या गावं रणांगणात सापडलेली! मग १९५७ मध्ये सरकारनं वाट काढली. ज्यांनी सैन्याला सहकार्य केलं ते 'लढाईत भाग घेतलेले' धरायचे. सहकार्याचे वीस प्रकार ठरवले. दारूगोळा वाहणं, स्वयंपाक करणं, धान्य देणं. आणि 'गुहा उपलब्ध करून देणं'. ज्यांना हाकलून बाहेर काढलं आणि जी उघड्यावर मेली, ती माणसं कागदावर सैन्याला आपणहून आसरा देणारी झाली. १९८१ पासून सहा वर्षांखालच्या मुलांनाही हेच लागू झालं. म्हणजे आईच्या पाठीवर मेलेलं तान्हं बाळसुद्धा लढाईत भाग घेतलेलं ठरू शकत होतं.

आपल्याला यात नवल वाटायला नको. निराधार योजनेचे अर्ज आपण भरतो, तेव्हा बाईचं आयुष्य रकान्यात बसेपर्यंत कापावं लागतं की नाही? नवरा परागंदा झालेली बाई विधवाही नसते आणि घटस्फोटिताही नसते, मग तिनं लिहायचं काय? शेतकऱ्यानं आत्महत्या केली की ती 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवायला त्याच्या मागे राहिलेल्या बाईनं सातबारा आणि कर्जाचे कागद घेऊन फिरायचं. ओकिनावातही घरं जळलेली, जमिनींवर अमेरिकन तळ उभे राहिलेले, कमावतं माणूस गेलेलं. अर्ज कसा लिहिला म्हणजे मंजूर होतो, हे कचेरीतूनच सांगितलं जाई. त्या बायकांनी पैसे घेतले यात मला काहीही वावगं दिसत नाही. ते त्यांच्या हक्काचेच होते. पण सरकारनं त्या पैशांबरोबर एक खोटी गोष्ट त्यांच्याकडून लिहून घेतली, आणि तीच पुढे इतिहास म्हणून वापरली.

एवढ्यावर भागलं नाही. मंजूर झालेली नावं तोक्योच्या यासुकुनी मंदिरात गेली. तिथे देशासाठी लढून मेलेल्यांना देव मानतात. १९७८ मध्ये तर मुख्य युद्धगुन्हेगारांनाही तिथे बसवलं. घरच्यांना कुणी विचारलं नाही. २००८ मध्ये काही ओकिनावी कुटुंबांनी 'आमची माणसं तिथून काढा' म्हणून नाहाच्या न्यायालयात दावा लावला. तो फेटाळला गेला. ज्या सैन्यामुळे पोर मेलं, त्याच सैन्याच्या देव्हाऱ्यात ते पोर कायमचं बसलेलं! आणि यालाही सन्मानच म्हणायचं.

या वीस प्रकारांत आणखी एक प्रकार होता, सामूहिक आत्महत्येचा. तोकाशिकी नावाच्या लहानशा बेटावर २८ मार्च १९४५ ला तीनशेहून जास्त गावकरी एका दिवसात मेले. सैन्याकडून गावात हातबॉम्ब पोचले होते. जिथे ते फुटले नाहीत तिथे पुरुषांनी दगडांनी, काठ्यांनी, दोरीनं आपल्याच बायका, आया, बहिणी, मुलं मारली. शिगेआकी किंजो त्या वेळी सोळा वर्षांचा होता. त्यानं आणि त्याच्या भावानं मिळून स्वतःच्या आईला आणि धाकट्या भावंडांना मारलं. पुढे तो ख्रिस्ती धर्मगुरू झाला आणि जन्मभर हे जाहीरपणे सांगत राहिला. शत्रूच्या हाती बाई लागली तर तिची अब्रू जाईल, त्यापेक्षा मरण बरं, हे आधीपासून डोक्यात भरलेलं होतं. १९४७ च्या मार्चमध्ये रावळपिंडीजवळच्या थोआ खालसात बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या, त्याचं पुढे हौतात्म्य झालं. उर्वशी बुटालियांनी १९९८ च्या पुस्तकात विचारलं होतं की यात बाईची निवड किती आणि घराण्याची अब्रू किती. तोच प्रश्न तोकाशिकीला विचारावा लागतो. ज्या बाईला तिच्या घरच्यानंच मारलं, तिला 'आत्महत्या' करून 'लढलेली' म्हणायचं?

त्याच तोकाशिकीवर पे बोंग-गी नावाची कोरियन बाई होती. चांगलं काम मिळेल असं सांगून तिला १९४४ मध्ये तिथे आणलं. सात जणींना सैनिकांसाठी एका घरात ठेवलं होतं. तिचं नाव ठेवलं 'आकिको'. सैन्य डोंगरात गेलं तेव्हा तिला स्वयंपाकाला जुंपलं. लढाई संपल्यावर ती ओकिनावातच मिळेल ते काम करत राहिली. १९७२ मध्ये बेटं अमेरिकेकडून जपानकडे परत गेली आणि ती परकी ठरली. हद्दपारी टाळायची तर इथे कशी आलीस ते सांग, असं झालं. त्यातून १९७५ मध्ये तिची कहाणी बाहेर आली. किम हाक-सुन १९९१ मध्ये सोलमध्ये उघड बोलल्या, तिथून जगाला हा विषय कळला असं आपण म्हणतो. पे त्याआधी सोळा वर्षं बोलली होती. पण तिला बोलायला व्यासपीठ नव्हतं, पोलिसी कागद होता. १९९१ मध्येच ती नाहात वारली. ओकिनावात अशी शंभराहून जास्त ठिकाणं होती, हे १९९२ मध्ये तिथल्या स्त्री-इतिहासाच्या अभ्यासक बायकांनी गावोगाव विचारून नकाशावर मांडलं.

याउलट आठवणीत ठेवलेल्या बायकाही आहेत. हिमेयुरी पथकाच्या शाळकरी मुली. २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षक सैन्याच्या इस्पितळात नेले. १३६ मेले, त्यांतले बहुतेक १८ जूनला पथक बरखास्त करून 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हटल्यावर. त्यांच्यावर सिनेमे निघाले, कोवळ्या, निर्मळ, देशासाठी वाहिलेल्या मुली म्हणून. कुमारिका आठवणीत चालते, सैनिकांसाठी ठेवलेली बाई चालत नाही! वाचलेल्या मुलींना मात्र ते चित्र पसंत नव्हतं. त्यांनी १९८९ मध्ये स्वतःचं संग्रहालय उभं केलं आणि म्हातारपणापर्यंत तिथे उभ्या राहून गुहेतले किडे, कापलेले पाय, मागे सोडलेल्या मैत्रिणी, सगळं सांगितलं.

२३ जून १९९५ ला माबुनीच्या टेकडीवर नावांचे दगड उभे राहिले. ओकिनावी, जपानी, अमेरिकन, कोरियन. सैनिक असो वा नसो, हुद्दा नाही, फक्त नाव. आता ती दोन लाख बेचाळीस हजारांवर आहेत. बाळाचं नावही ठेवलं नसेल तर 'अमक्याचं मूल' असं कोरलंय. आपल्याकडे पहिल्या महायुद्धाच्या पाट्या गावोगाव आहेत. 'या गावातून इतके गेले, इतके मेले', एवढंच. नाव एकही नाही. त्यामानाने माबुनी कितीतरी पुढे आहे. पण हुकूम देणारा आणि त्या हुकमानं मेलेली बाई एकाच रांगेत आली की जबाबदारी कुणाची हे दगडावरून कळत नाही. ते शब्दांत वेगळं सांगावंच लागतं. आणि कोरियातून हजारोंनी माणसं आणली होती, दगडावर पाचशेही नावं नाहीत. ज्या बायकांची नावंच बदलली, त्यांची कुठून मिळणार?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओकिनावाच्या सत्तरएक जणी बेजिंगच्या महिला परिषदेला गेल्या होत्या. आपल्याकडच्याही कितीजणी तिथे होत्या. त्या घरी परतल्या तर बातमी कळली की तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला आहे. सुझुयो ताकाझातो आणि सोबतिणींनी लष्करी हिंसेविरुद्ध संघटना बांधली. जुनी वर्तमानपत्रं, सरकारी कागद, तोंडी साक्षी जमवून त्यांनी एक यादी केली. १९४५ च्या एप्रिलपासून सैनिकांनी बायकांवर केलेले अत्याचार, तारीखवार. नवी माहिती आली की त्या ती वाढवून पुन्हा छापतात.

आपल्या गटांमध्ये फौजी घरातल्या कितीतरी जणी आहेत, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, कोकणातल्या. आजोबा, चुलते कुठल्या आघाडीवर होते ते त्यांना सांगता येतं. त्या वर्षांत आजी कुणाच्या शेतावर राबली, मनीऑर्डर कुणाच्या हातात पडायची, विधवेला पेन्शनच्या कागदावर काय लिहावं लागलं, हे विचारून घ्या. ज्या म्हाताऱ्या आहेत त्यांच्याकडूनच, त्यांच्या शब्दांत. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं लिहावं. दोन पानं झाली तरी पुरे. पुढच्या अंकात जागा ठेवतो आहोत.