निदानाची मजुरी

बंद पडलेली जुनी मोटार दोरखंडाने ओढून कार्यशाळेच्या दारात आणली जाते तेव्हा ती चालू केव्हा होणार, हा मालकाचा प्रश्न असतो. ती चालू का होत नाही, हा मिस्त्रीचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या पोटात दडलेले असते, हे आपल्या व्यवसायातील कोणीही नाकबूल करणार नाही. तरीही अलीकडे बंगळूर शहरातील कार्यशाळांची जी बिले आमच्या नजरेखालून गेली, त्यांत बॅटरी नवी, कॉइल नवी, कंडेन्सर नवा, प्लग चार नवे, सेल्फ बांधून दिला, अशा रकमांची रांगच्या रांग असून मूळ बिघाड कोणता होता याविषयी मात्र चकार शब्द नाही, असेच बहुधा आढळले. गाडी चालू झाली, मालकाची खात्री पटली, रक्कम वसूल झाली. परंतु इतक्या वस्तूंपैकी कोणत्या वस्तूने काम केले हे ती बदलणाऱ्यालाही ठाऊक नसावे, या प्रकाराला दुरुस्ती म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

ही सवय जुनी नाही. ज्या गाड्यांवर आपले पोट चालते त्या जन्मास आल्या तो काळच टंचाईचा होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास देशी मोटार कारखान्याची योजना आखली, तिच्या पाठीशी उभे राहिलेल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला आणि मोटारींचा कारखाना १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने मुंबई इलाख्यात उभा केला. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून पुढे जी फियाट बाहेर पडली—मराठी मुलखाने जिला ‘डुक्कर’ हे प्रेमाचे नाव दिले ती, मग डिलाइट आणि शेवटी पद्मिनी—तिचे पुष्कळसे भाग आरंभी परदेशांतूनच येत असत आणि आयातीच्या परवान्यावाचून बाहेरचा स्क्रूही देशात येणे मुश्किल होते. प्लगाची सोय १९५१ साली निघालेल्या, आपल्या आडुगोडीतल्या मायको कंपनीने पुढे केली; पण डेल्कोचे पॉइंट झिजले तर ते बारीक कानशीने घासून पुन्हा वापरावयाचे आणि डायनॅमो जळला तर तारेचे वेढे नव्याने भरावयाचे, असाच रिवाज होता. वस्तू मिळतच नाही म्हटल्यावर ती खरोखर निकामी झाली आहे की नाही, याची शहानिशा केल्याखेरीज तिला हात लावण्याची कोणाची छाती नव्हती. आज जे. सी. रोडवरील दुकानांत नाही ते शिवाजीनगरच्या गुजरीत मिळते, तेथेही नाही ते परदेशातून आठवडाभरात घरपोच येते. आणि वस्तू सुलभ झाली तशी परीक्षा दुर्लभ होत गेली.

त्यातही एक मेख आहे, ती अनुभवी मंडळी जाणतात. नवी वस्तू म्हणजे निर्दोष वस्तू, हे समीकरण आता उरलेले नाही. खोक्यातून नुकताच काढलेला कंडेन्सर इंजिन तापताच दगा देतो. नव्या रोटरमधील पितळी पट्टी ज्या खिळ्याने बसवलेली असते त्या खिळ्यातूनच करंट दांड्याला उतरतो आणि प्लगापर्यंत पोहोचत नाही. फिकट रंगाचे नवे टोपण डोळ्यांना भरते, पण त्याच्या मध्यभागीचा कोळशाचा ब्रश स्प्रिंगसह आतच अडकलेला असतो. अशा स्थितीत जुना भाग काढून नवा बसवला आणि गाडी चालू झाली नाही, तर तो जुना भाग निर्दोष होता असा निष्कर्ष काढावयाचा की नवा सदोष आहे असा? एका अज्ञाताच्या जागी दोन अज्ञाते उभी करून आपण सत्याच्या जवळ जात नाही.

आपल्या वैद्यकशास्त्रात माधवनिदान नावाचा एक विख्यात ग्रंथ आहे. त्यात औषधयोजना नाही, केवळ रोगपरीक्षा आहे. एखाद्या शास्त्राने चिकित्सेपासून निदान वेगळे काढून त्याला स्वतंत्र ग्रंथाची प्रतिष्ठा द्यावी, ही गोष्ट आपल्या व्यवसायाने विचारात घेण्यासारखी आहे. रोग जाणण्याची जी पाच साधने तेथे सांगितली आहेत त्यांत रोगाचे कारण आहे, रोग उघड होण्यापूर्वीची चिन्हे म्हणजे पूर्वरूप आहे, प्रत्यक्ष लक्षण म्हणजे रूप आहे, कारणापासून लक्षणापर्यंत दोष कोणत्या वाटेने गेला याचा विचार म्हणजे संप्राप्ती आहे. आणि औषध देऊन पाहणे, उतार पडतो की नाही यावरून रोग ओळखणे, हा उपशयही आहे. म्हणजे भाग बदलून पाहण्याला शास्त्राची मुभा नाही असे नव्हे. पण ज्याने बाकीच्या चारांना फाटा देऊन पाचव्यानेच आरंभ केला त्याला वैद्य कोण म्हणेल?

पूर्वरूप मालकाच्या तोंडून कळते, आणि त्यासाठी त्याची जबानी नीट घ्यावी लागते. ‘गाडी चालू होत नाही’ हे वाक्य फार ढोबळ आहे. सेल्फ फिरतच नाही, की मंद फिरतो, की जोमाने फिरूनही इंजिन पेट घेत नाही, हे तीन स्वतंत्र रोग आहेत. सेल्फ फिरत असेपर्यंत इंजिन धडधडते आणि चावी सोडताच मरते, असे कोणी सांगितले तर ज्या गाड्यांच्या कॉइलपूर्वी रोधक बसवलेला असतो त्यांत तो रोधक जळाला आहे काय, हे पाहावे. कारण सेल्फ फिरत असताना कॉइलला करंट रोधक टाळून आडवाटेने मिळतो. उलट चावी सोडण्याच्या नेमक्या क्षणी इंजिन एकदाच फुरफुरते असे सांगितले, तर सेल्फ बॅटरीचा सारा जोर गिळून टाकतो आणि कॉइलला उपाशी ठेवतो, हे जवळजवळ निश्चित समजावे. दोन्ही वाक्ये ऐकण्यास सारखी वाटतात, मिस्त्रीला मात्र ती दोन निरनिराळ्या टोकांना नेतात. गाडी महिनोन्‌महिने उभी होती काय, मध्यंतरी रंगकाम झाले काय, उंदरांचा उपद्रव आहे काय, हेही विचारावे. मालक नको असलेल्या गोष्टी पुष्कळ सांगतो, पण हव्या असलेल्या गोष्टी विचारल्यावाचून सांगत नाही.

रंगकामाचा उल्लेख आम्ही सहेतुक केला. आमच्या परिचयाच्या एका कार्यशाळेत जयनगरहून एक डिलाइट आली, तिला दोन ठिकाणचे उपचार आधीच घडले होते. बॅटरी नवी होती, सेल्फ बांधून झाला होता, कॉइल बदललेली होती. तरी सेल्फ कण्हतच होता. तेथील वृद्ध मिस्त्रीने पोऱ्याला सेल्फ मारण्यास सांगून स्वतः खिडकीतून हात घालून चोकची मूठ धरली, आणि दुसऱ्याच क्षणी हात मागे घेतला, कारण मूठ चटका बसण्याइतकी तापलेली होती. चोकच्या तारेने तापावे असे तिचे काम नाही. मग मिस्त्रीने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारण्यास सांगितले. जेथे अर्धा व्होल्टही फार म्हणावयाचा तेथे काटा चारच्या पुढे गेला. इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते, बॉडीशी त्याचा विद्युत्‌संबंध केवळ तांब्याच्या गुंफलेल्या पट्टीने, आपण जिला अर्थ म्हणतो तिने, राखलेला असतो. रंगकामासाठी इंजिन उतरवले तेव्हा ती मळकट पट्टी कोणी तरी बाजूला काढून ठेवली आणि परत लावलीच नाही. शंभरावर अँपियरचा सेल्फचा करंट परतीची वाट शोधत चोकच्या आणि अॅक्सिलरेटरच्या तारेतून जात होता. नवी पट्टी दोन बोल्टांनी आवळताच गाडी चालू झाली. लक्षण सेल्फचे होते, दोष अर्थचा. आणि पहिल्या दोन ठिकाणी संप्राप्तीचा विचार कोणी केला असता तर मालकाची बॅटरी आणि कॉइल, दोन्ही वाचली असती.

बॅटरी स्वस्थ असता साडेबारा व्होल्टांच्या किंचित वर आणि सेल्फ फिरत असता साडेनवाच्या खाली नाही, एवढे पाहून पुष्कळजण थांबतात. तो आकडा बॅटरीची प्रकृती सांगतो, बॅटरीपासून निघालेला करंट वाटेत कोठे अडला हे सांगत नाही. ते जाणण्यासाठी प्रत्येक जोडाच्या दोन बाजूंना मीटर लावून, भार चालू असतानाच, किती व्होल्ट हरवतात हे मोजले पाहिजे. या कामास पाच मिनिटेही पुरतात, आणि नेमके याच कामाचे पैसे आपण लावत नाही.

तापल्यावर चालू न होणारी गाडी हा याहून कठीण विषय, आणि आपल्या शहरात तो वाढत चालला आहे. रविवारी पहाटे नंदी टेकडीचा घाट चढून गेलेली गाडी वर चहापुरती थांबते आणि नंतर जागची हलत नाही. अर्धा तास गेला की जणू काही घडलेच नाही अशी चालू होते. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच, येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी, टेकडीवर त्याहूनही कमी. दाब उतरला की पेट्रोल लवकर उकळते, आणि इंजिनाला चिकटून बसलेल्या एसी पंपात थांबल्यानंतरची धग साचली की पंप पेट्रोलाऐवजी वाफच ढकलू लागतो. भरीस इथेनॉल आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकण्याचा आरंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी याच शहरात झाला; ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम मऊ करते, ओलावा ओढून घेते, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर सुटा करून जेटमध्ये आणून सोडते. पण म्हणून घाटावर रुसलेल्या प्रत्येक गाडीचा दोष पेट्रोलावर ढकलणे हाही आळसच होय, कारण दुबळा कंडेन्सर आणि जुनी कॉइल हेही तापले की हात टेकतात आणि निवले की कामाला लागतात. निवल्यावर पुरावा नाहीसा होतो. म्हणून परीक्षा गाडी रुसलेली असतानाच करावी. प्रथम करंट पाहावा, प्लग इंजिनाला टेकवून, पेट्रोलाची वाफ जवळपास नाही याची खात्री करून. ठिणगी निळी आणि सडसडीत असेल तर पंपावर ओले फडके टाकावे; तेवढ्याने गाडी उठली तर वाफेचा दोष सिद्ध झाला. उपशय असा योजावा लागतो, की त्यातून होय किंवा नाही यांपैकी एकच उत्तर निघेल.

कम्प्रेशन, व्हॉल्व्ह, टायमिंगची साखळी यांविषयी येथे लिहीत नाही. जी गाडी काल चालत होती आणि आज चालत नाही तिच्यात तेथवर जाण्याची वेळ क्वचितच येते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांना वेगळी नोंदणी दिली. १९६४ च्या डिलाइट त्या मर्यादेत कधीच बसल्या. १९७४ पासून पद्मिनी हे नाव धारण केलेल्याही आता एकामागून एक तेथे पोहोचत आहेत. गाडीचे मोल तिच्या मूळपणात असेल तर तपास न करता काढून फेकलेली मूळ कॉइल वा डायनॅमो हे मालकाचे नुकसान आहे, आणि ते नुकसान आपण त्याच्याच पैशाने करतो.

ग्राहक नुसत्या पाहण्याचे पैसे देणार नाही, असा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो देत नाही, कारण आपण मागत नाही. पाहण्याचा मोबदला आपण नव्या वस्तूच्या नफ्यात लपवून घेतो आणि त्यामुळे वस्तू बदलण्यातच आपला स्वार्थ गुंतून राहतो. आमची तजवीज साधी आहे. बिलाच्या पहिल्याच ओळीत निदानाची मजुरी स्वतंत्र लावावी. तिच्या खाली लक्षण कोणते, मोजमाप कोणते आले आणि कारण काय ठरले, हा तपशील लिहावा. काढलेला जुना भाग चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली करावा. आणि याच मजकुराची नक्कल कार्यशाळेच्या दफ्तरी ठेवावी. वाचक मिस्त्रींनी, मालकाचे नाव व गाडीचा क्रमांक गाळून, अशा नोंदी आमच्याकडे धाडाव्यात, त्या येथे क्रमशः छापल्या जातील. आणि ज्यांत निदान चुकले, दुसऱ्यांदा बरोबर आले, त्या नोंदी आम्हांस आधी हव्या आहेत.